मस्टरमध्ये नसलेला रकाना

माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



'खाडा' हा शब्द मला कुठल्याही कामगार कायद्यात सापडला नाही. पण पारोळ्यापासून एरंडोल-धरणगावपर्यंत ज्याने कोणी जिनिंगमध्ये, ऑइल मिलमध्ये, डाळ मिलमध्ये नाहीतर कापडदुकानात हजेरीवर काम केलंय, त्याला तो पहिल्या आठवड्यातच कळतो. खाडा म्हणजे न आलेला दिवस. का आला नाही, ते खाडा सांगत नाही. मेहुणीच्या लग्नाला गेला तरी खाडा, पिऊन पडला तरी खाडा, आणि छातीत पाणी झालं म्हणून धुळ्याला दवाखान्यात पडून राहिला तरी खाडाच.

मी 23 वर्षं हे खाडे लिहिले. हायवेवरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हजेरी कारकून होतो. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. जुने मालक आता नाहीत, मुलांनी धंदा बदलला, आणि मला सांगायचं आहे त्यात त्यांच्याइतकाच मीही आहे. पेन माझ्या हातात होतं.

आमच्या कामाची रीत आपल्याला ठाऊक असेलही, पण मंत्रालयातल्या फायलीत ती दिसत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. आश्विनात पारोळ्यात बालाजीचा रथ निघतो, त्याच्या मागेपुढे कपाशीच्या पहिल्या गाड्या जिनिंगच्या आवारात लागतात. दिवाळी झाली की दोन पाळ्यांत रात्रंदिवस यंत्रं. यंत्रात कपाशी घालणारे, सरकी ओढणारे, रुई प्रेसकडे नेणारे, 170 किलोची गठाण बांधून थप्पीला लावणारे, आणि सावलीत बसून कवडी वेचणाऱ्या बाया. हवेत सतत तंतू. पाळी संपवून माणूस बाहेर येतो तेव्हा तिशीतल्या पोराच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. होळीपर्यंत आवक ओसरते, आणि आखाजीला आवारात कुत्री आणि वॉचमन एवढेच उरतात. म्हणजे वर्षाची कमाई पाच-सहा महिन्यांत. मालकाचीही आणि मजुराचीही. अशा दिवसांत कोणी आजारी पडलं की त्याच्याकडे आजारी माणूस म्हणून कोणी पाहत नाही. बंद पडलेलं यंत्र म्हणूनच पाहतात.

पंचवीसएक वर्षांपूर्वीच्या अशाच एका सीझनमध्ये बोरीकाठच्या खेड्यातला एक यंत्रावरचा माणूस दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याची बायको गेटवर आली. डोक्यावर पदर, हातात रिकामा डबा. कदाचित पुढे कुठे कामाला निघाली असेल. मला म्हणाली, "त्यास्ले ताप शे." मी म्हटलं, बरं. ती गेली. मी मस्टर उघडलं आणि त्याच्या नावापुढे 'खा' लिहिलं. दुसरं लिहिणार काय? आमच्या मस्टरमध्ये तीनच खुणा होत्या: हजर, खाडा, सुट्टी.

बाराव्या दिवशी मुकादमाने दुसरा माणूस आणला. मालक म्हणाले, त्याचं नाव कमी कर. मी लाल शाईने रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'स्वखुशीने काम सोडले'. हे शब्द मी शोधलेले नव्हते. माझ्या आधीच्या कारकुनानेही हेच लिहिलं होतं, त्याच्या आधीच्यानेही. जुनी मस्टरं काढून पाहिली तर अख्खा खानदेश स्वखुशीने काम सोडत आलाय असं वाटेल.

चाळीसेक दिवसांनी तो आला. बारीक झाला होता. हातात गोळ्यांची पुडी, एक्स-रेचं पाकीट आणि सरकारी दवाखान्याचा कागद. टीबी निघाला होता, औषध सुरू होतं, खोकला बसला होता. मला म्हणाला, "कागद शे ना, भाऊ." खरं तर रुईच्या धुळीत त्याने परत येऊच नये असंच कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं. पण वजनकाट्यावर, गेटवर, सरकीच्या पोत्यांच्या मोजणीवर त्याला बसवता आलं असतं. मी ते सुचवलं नाही. म्हटलं, नाव कमी झालंय, आता पुढच्या सीझनला बघू. पुढच्या सीझनला तो सुरतेला होता. आमच्याकडचा माणूस काम सुटलं की अमळनेरला जाऊन सुरतेची गाडी धरतो, त्याला नवल नाही.

महोदय, आपल्या खात्यात याची नोंद 'तंटा' म्हणून कुठेही नसणार. तंटा झालाच नाही. तो भांडला नाही, कोर्टात गेला नाही, युनियन नव्हतीच. आणि गेला असता तरी आमच्याकडे कागद होता: त्याने स्वखुशीने काम सोडलं होतं.

निवृत्तीनंतर मी लोकांचे अर्ज लिहून देतो. वकील नाही, पण अर्ज लिहिता लिहिता जे वाचावं लागलं त्यातून एक गोष्ट कळली आणि तिने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. माझे ते तीन शब्द सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेले होते. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, लिहिलेलं होतं की जो कामगार रजेशिवाय सलग आठ कामाचे दिवस येणार नाही, त्याने नोकरी सोडली असं धरलं जाईल. तिथला एक कामगार गावी जाऊन आजारी पडला. त्याच्याकडे डॉक्टरचा दाखला होता. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने तो दाखला ग्राह्य धरला. विमा कायद्याचं 73 वं कलम सांगत होतं की आजारपणाच्या काळात मालकाने कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये. तरीही 1960 च्या दशकात निकाल मिलच्या बाजूने लागला. तर्क असा, की मालकाने त्याला काढलंच नाही. आठ दिवस भरले आणि करार आपोआप संपला. म्हणजे शिक्षा नाही, बडतर्फी नाही, नुसतं कॅलेंडर. हा निकाल देणारे न्यायमूर्ती होते प्र. बा. गजेंद्रगडकर, आपले साताऱ्याचे, ज्यांनी या देशातला कामगार कायदा घडवला असं आदराने म्हटलं जातं. एवढ्या मोठ्या न्यायमूर्तींनाही कागदावरचा नियम ओलांडता आला नाही, मग मी तर कारकून, असं म्हणून मी स्वतःला सोडवू पाहिलं. पण ते जमलं नाही. त्यांच्यापुढे फक्त कागद होते. माझ्यापुढे त्याची बायको उभी राहिली होती.

त्या निकालानंतर तीस वर्षांनी न्यायालयाने वाट बदलली. 1993 साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात पुन्हा तोच आठ दिवसांचा नियम समोर आला. या वेळी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाला विचारल्याशिवाय, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याची रोजी काढून घेता येत नाही. रोजी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. यादवांना निम्म्या मागच्या पगारासह कामावर परत घ्यायला लावलं. 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात आणखी एक पाऊल: नुसती गैरहजेरी म्हणजे गुन्हा नव्हे, ती मुद्दाम केलेली होती हे दाखवावं लागतं. आजारपण, अपघात, दवाखान्यात दाखल होणं, अशा कारणाने माणूस येऊ शकला नाही तर त्याला मुद्दाम गैरहजर म्हणता येणार नाही.

वाचून बरं वाटतं. पण असे निकाल पारोळ्याच्या गेटपर्यंत यायला खूप वेळ घेतात. परमार सरकारी नोकरीत होते. त्यांच्याकडे निदान आरोपपत्र आलं, चौकशी झाली. आमच्याकडे आरोपपत्रही नसतं. आणि दाद मागायची तर जळगावला जायचं. एका तारखेला एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, वकिलाचा चहा. दहा तारखा पडल्या की मिळायचा होता त्याच्या निम्मा पगार तारखांतच जातो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे पत्र आत्ताच लिहायचं कारणही तेच आहे.

1946 चा स्थायी आदेशांचा कायदा देशात 100 कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. महाराष्ट्राने तो आपल्याकडे 50 वर आणला होता. आपल्या राज्याने दिल्लीच्या पुढे जाऊन केलेल्या कामांपैकी ते एक. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि औद्योगिक संबंध संहितेत हाच आकडा 300 झाला. आमच्या तालुक्यात एका मस्टरवर 300 माणसं असलेलं जिनिंग मी आयुष्यात पाहिलेलं नाही. शंभर असतात, दीडशे असतात, त्यातले निम्मे मुकादमाच्या वहीत. म्हणजे गैरहजर माणसाला आधी विचारा, त्याचं ऐका, मगच काय ते करा, असा लेखी नियम ज्यांच्यासाठी हवा, नेमके तेच त्यातून बाहेर. स्थायी आदेश म्हणजे काही सोन्याची वीट नव्हती, हे मला मान्य आहे. नमुना आदेशांतही तो आठ दिवसांचा नियम होताच. पण त्यात निदान असं लिहिलेलं असायचं की आठ दिवसांत येऊन समाधानकारक कारण दिलं तर हक्क जात नाही. कारण देण्यासाठी एक दार होतं. ते दार आता फक्त मोठ्या कारखान्यांना आहे. शिवाय काढून टाकल्यावर दाद मागायला पूर्वी तीन वर्षांची मुदत होती, ती नव्या संहितेत दोनवर आली. टीबीचा माणूस सहा महिने औषध खातो, मग पोट भरायला सुरतेला जातो. तिथे स्थिरावून गावी परत यायला दोन वर्षं सहज निघून जातात.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे, आणि तिचा दोष कुठल्याही एका सरकारवर नाही.

आजारी कामगाराला पगार मिळावा ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या. आजाराचं नाव त्यात नव्हतं. ते यायला साठ वर्षं लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या कायद्यातून आलेला विमा असलेला कामगार आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांत त्याहून जास्त काळ, 80 टक्के. आणि त्या दिवसांत मालकाने त्याला काढू नये, असंही त्या कायद्यात होतं.

पण याच कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले. हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादी दिली आहे. यादीतलं पहिलं नाव कापसाचं जिनिंग. मग कापूस आणि तागाच्या गाठी बांधणं. मग भुईमूग फोडणं. पुढे कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर-गूळ आणि चहा. ताग, कॉफी, नीळ, लाख, रबर आणि चहा सोडा, बाकी यादी वाचली की खानदेशाचा नकाशा समोर ठेवून कोणी ती केली असावी असं वाटतं. 1948 मध्ये त्याला कारण असेल: पाच महिने काम करणाऱ्याची वर्गणी किती जमा होणार आणि विमा किती द्यायचा? पण त्याला आता पाऊण शतकाहून जास्त काळ लोटला, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्याची ती ओळ तशीच पुढे नेली.

यातली एक गंमत सांगतो, तिला गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार, बिसिनोसिस, कायद्याला चांगला माहीत आहे. कारखाने कायद्याच्या कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत तो होता. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही होता. त्याची खूण अशी की साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. आमच्याकडे त्याला नाव नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी खाडे जास्त पडतात एवढंच आम्हाला माहीत होतं. मालक म्हणायचे, रविवारची उतरली नसेल. मीही हसायचो.

आता मालकांची बाजू. ती मी सांगितली नाही तर हे पत्र खोटं ठरेल. पारोळ्यात पाच मिनिटं चालत गेलं की मागच्या तारखेचा दाखला मिळतो. शंभर-दोनशे रुपये आणि ओळख लागते. मी स्वतः असा दाखला हातात धरलाय की ज्या रात्री तो कामगार माझ्याच मस्टरप्रमाणे रात्रपाळीत हजर होता, त्याच रात्री दवाखान्यात त्याला सलाईन लागलेलं होतं. सीझनमध्ये यंत्रावरचा माणूस न सांगता गेला की मागे दहा जणांचं काम अडतं, कपाशीच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, शेतकरी शिव्या देतो. कोर्टानेही हे ओळखलंय. 2004 साली दिल्ली परिवहनच्या प्रकरणात वारंवार विनारजा गैरहजर राहणाऱ्यांना काढणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं, आणि ते चुकलं असं मला वाटत नाही. सरसकट सगळ्यांना कामावर ठेवा असं मी म्हणत नाही. आजारी कोण आणि दांडीबहाद्दर कोण, हे वेगळं करायला मस्टरमध्ये जागाच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. जागा नसली की मालक सगळ्यांनाच दांडीबहाद्दर धरतो, आणि मजूरही मग सगळ्यालाच आजार म्हणायला शिकतो.

असा एक तंटा कसा मिटला तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑइल मिल, 28 माणसं, वर्षभर चालणारी. एक्स्पेलरवरचा माणूस, 11 वर्षांचा जुना. चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात गेला, पण सांधे धरले; मूठ मिटेना, जिना चढवेना. 34 दिवसांनी कामावर आला तर त्याच्या जागी दुसरा. मालक म्हणाले, तुझं खातं बंद. त्याचा भाऊ तापट, तो माझ्याकडे थेट कोर्टाचा कागद लिहायला आला. म्हटलं, आधी बसू, मग लिहू.

रविवारी मालकाच्या गादीवर बसलो. पहिला अर्धा तास ज्याचं त्याचं भांडण. मग मालकाचं खरं दुखणं बाहेर आलं: "दोन दिवस मशीन बंद होतं, आणि मला कोणी सांगितलं नाही. फोन लावला तर बंद." कामगार म्हणाला, फोन पोराकडे होता, रिचार्ज संपलेला, पण मुकादमाला दुसऱ्याच दिवशी निरोप दिला होता. मुकादमाला बोलावलं. त्याने मान खाली घातली. निरोप आला होता. गडबडीत तो सांगायचा विसरला होता. एवढंच होतं. 34 दिवस दोन घरं एकमेकांवर जळत होती ती एका न लिहिलेल्या निरोपावरून.

पुढचं सोपं होतं, पण सोपं असलं तरी ते नीट लिहावं लागतं. तेव्हाच्या कारखाने कायद्याप्रमाणे कामगाराला काम केलेल्या दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा साठायची, आणि आजारपणासाठी ती घ्यायची असेल तर आधी अर्ज दिला नव्हता म्हणून नाकारता येत नव्हती. हे मालकाला माहीत नव्हतं, कामगारालाही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर 23 वर्षं कारकुनी करून मलाही निवृत्तीनंतरच कळलं. त्याची मागच्या वर्षाची 12 दिवसांची रजा शिल्लक होती. 34 पैकी 12 दिवस पगारी धरले, 22 बिनपगारी. महिनाभर एक्स्पेलरऐवजी डबे भरण्याचं हलकं काम. नव्या माणसाला काढलं नाही. त्याला दुसऱ्या पाळीत घेतलं. शेवटची ओळ मी हट्टाने लिहून घेतली: 'या काळात सेवेत खंड पडलेला नाही.' भाऊ म्हणाला, ही ओळ कशाला? ही ओळ त्याच्या उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी. आजारपणाने सेवा तुटत नाही असं कायदाच म्हणतो, विनारजा गैरहजेरीनेही आपोआप तुटत नाही, मालकाने तसा आदेश काढला तरच तुटते. पण पुढे कधी एखादा कारकून शेऱ्याच्या रकान्यात स्वखुशीने काहीतरी लिहील, म्हणून ती ओळ असलेली बरी. अकरा वर्षांचे पंधरा-पंधरा दिवस म्हणजे त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाचा निम्मा खर्च.

चहा आला. कामगाराने बशी दोन्ही हातांत धरली, कारण बोटं अजून वळत नव्हती. मालकाने ते पाहिलं. त्यानंतर कोणी काही वाद घातला नाही.

महोदय, या बैठकीत कायद्याने कोणालाही भाग पाडलं नव्हतं. मालक चांगला होता, मुकादमाने खरं सांगितलं, भावाने ऐकलं. या तिन्हींपैकी एक चुकलं असतं तर आणखी एक माणूस स्वखुशीने काम सोडून गेला असता. म्हणून आपल्याकडे मागणं आहे. कामगार हा विषय केंद्राचा तसा राज्याचाही आहे. महाराष्ट्राने 50 चा आकडा एकदा आणला होता, 1971 मध्ये अनुचित कामगार प्रथांचा वेगळा कायदा केला होता. राष्ट्रपतींची संमती घेऊन अशा दुरुस्त्या करता येतात. 300 च्या खाली असलेल्यांसाठी पूर्ण स्थायी आदेश जमत नसतील तर एक पानाचा नियम करा. नाव कमी करण्याआधी मराठीत लेखी पत्र घरी गेलं पाहिजे, उत्तराला 15 दिवस मिळाले पाहिजेत, आणि म्हणणं सांगताना त्याच्यासोबत एक माणूस बसला पाहिजे. सरकारी दवाखान्याचा दाखला असेल तर तो खोटा ठरवण्याची जबाबदारी मालकाची असली पाहिजे. खासगी दाखल्याची शहानिशा करायची असेल तर मालकाने खुशाल करावी. पण आधी शहानिशा, मग रेघ.

हंगामी मजुरांच्या आजारपणाबद्दल आपण दिल्लीला लिहावं. पण दिल्ली ऐकेपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्याच राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे. माथाडी एका मालकाचा नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या; तरीही मंडळ मालकांकडून लेव्ही गोळा करतं आणि मजुराला भविष्यनिर्वाह, उपदान, औषधोपचार देतं. जो मजूर दिवाळी ते होळी जिनिंगला, पुढे वीटभट्टीला आणि पावसाळ्यात शेतात असतो, त्याच्यासाठी याहून जवळचा नमुना दुसरा कोणता? त्या मंडळांचेही घोटाळे आणि रडगाणी आहेत, ती आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. तरी रचना चांगली आहे.

आणि समेट अधिकारी महिन्यातून एकदा पारोळ्याला यावा. आठवडेबाजाराच्या दिवशी आला तर बोलवावंही लागणार नाही, सगळे तालुक्यालाच असतात. तहसीलमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात. ऑइल मिलच्या गादीवर जे मी केलं ते त्याने सरकारी शिक्क्याने करावं, म्हणजे ते मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही.

बाकी मी माझ्या परीने एक केलंय. ओळखीच्या छापखान्यातून नवीन मस्टरची शंभर पानं छापून घेतली. हजर, खाडा, सुट्टी यांच्या शेजारी एक रकाना वाढवला: 'आजारी'. त्याच्या आत तीन बारीक ओळी: कोणी कळवलं, केव्हा, काय झालंय. त्या ऑइल मिलच्या मालकांनी ती पानं घेतली, आणखी दोघांनी घेतली, बाकीच्यांनी हसून परत केली. गेल्या आठवड्यात मिलमध्ये गेलो होतो तेव्हा नव्या कारकुनाने, बी.कॉम. झालेल्या पोराने, ते मस्टर उघडून दाखवलं. त्या रकान्यात पहिली नोंद झाली होती. अक्षर सुवाच्य, निळ्या शाईत: बायको येऊन सांगून गेली, सकाळी 7.40, ताप.

आपला नम्र,
एक निवृत्त हजेरी कारकून
पारोळा, जि. जळगाव